‘प्रवास’ : एका शब्दाचें देशांतर

‘प्रवास’ म्हणजे एका स्थळाहून दुसऱ्या स्थळीं जाणें, असा अर्थ मराठी वाचक निःशंकपणें करतो. आगगाडींतला उतारू प्रवासी, आणि काश्मीर पाहून येणाराहि प्रवासीच. परंतु या शब्दाच्या घडणींत ‘जाणें’ कोठेंच नाहीं. ‘वस्’ म्हणजे राहणें. ‘प्र’ हा उपसर्ग येथें दूरत्व दाखवितो. तेव्हां प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणें. गति आहे ती ‘या’ धातूपासून निघालेल्या ‘यात्रा’ शब्दांत.

संस्कृत साहित्यशास्त्रानें हा अर्थ नेमका ओळखला होता. विप्रलंभ शृंगाराचा ‘प्रवास’ हा एक प्रकार. ज्या नायिकेचा पति परदेशीं आहे ती ‘प्रोषितभर्तृका’, आणि ‘प्रोषित’ हें याच धातूचें रूप. ‘मेघदूतां’त देशोदेशीं फिरावयाचें तें मेघानें, यक्ष रामगिरीच्या आश्रमांतच राहतो. तरी शास्त्रदृष्ट्या प्रवासी तो यक्षच!

बंगालीनें हा अर्थ टिकविला. रामानंद चट्टोपाध्याय यांनीं १९०१ मध्यें बंगालबाहेर, अलाहाबादेस, मासिक काढलें, त्याचें नांवच ‘प्रवासी’.

मराठींत मात्र शब्दाचा भार मुक्कामावरून वाटेवर सरकला. गोडसे भटजींचें ‘माझा प्रवास’ (१९०७) आपण १८५७ च्या धामधुमींतील वाटचाल म्हणून वाचतों. पण वरसईहून द्रव्यार्जनासाठीं निघालेल्या या भिक्षुकाचें मन घरच्या कर्जांत गुंतलेलें आहे, हें विसरून तें पुस्तक अर्धेंच वाचल्यासारखें होतें.

अर्थ बदलला म्हणून शब्द भ्रष्ट झाला, असें आमचें म्हणणें नाहीं. शब्दांनींहि देशांतर करावें. पण जुन्या अर्थाची जागा मराठींत रिकामीच राहिली. २०२० सालच्या टाळेबंदींत शेंकडों मैल पायीं निघालेल्या मजुरांस हिंदी वृत्तपत्रें ‘प्रवासी’ म्हणत होतीं, मराठी वृत्तपत्रें ‘स्थलांतरित’. ‘स्थलांतरित’ शब्दांत जागा बदलल्याची नोंद तेवढी आहे. मागें राहिलेलें घर नाहीं. मराठी वाचकास हिंदींतला ‘प्रवासी’ शब्द वाचून वाटावें, हे लोक चालत आहेत म्हणून प्रवासी. खरी गोष्ट उलट आहे. शहरांतील खोलींत वर्षानुवर्षें राहत होते, तेव्हांच ते प्रवासी होते. चालूं लागले, तो त्यांचा प्रवास संपविण्यासाठीं.