ब्रॅडफर्डचा ग्रंथ आणि ब्रॅडफर्डचे कुटुंब : एका वसाहतकाराच्या मौनाचे वाचन

प्रास्ताविक :
अमेरिकेतील आरंभीच्या इंग्रज वसाहतींच्या गद्य वाङ्मयात विल्यम ब्रॅडफर्ड याच्या ‘ऑफ प्लिमथ प्लँटेशन’ या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. ब्रॅडफर्ड १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आला, १६२१ मध्ये प्लिमथचा गव्हर्नर झाला आणि पुढे बहुतेक काळ त्या पदावर राहिला. १६३० च्या सुमारास त्याने ग्रंथलेखनास आरंभ केला. साहजिकच त्याच्या जीवनाचा व कुटुंबाचा मागोवा घेणारा अभ्यासक प्रथम या ग्रंथाकडे वळतो आणि तेथेच त्याची निराशा होते. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील कौटुंबिक मौनाचा अर्थ कसा लावावा, याचा विचार केला आहे.

चरित्राची रूपरेषा :
ब्रॅडफर्डचा बाप्तिस्मा मार्च १५९० मध्ये यॉर्कशरमधील ऑस्टरफील्ड येथे झाला. लहानपणीच त्याचे आईवडिलांचे छत्र हरपले व नातेवाइकांनी त्याचा सांभाळ केला. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून विभक्त झालेल्या पंथीयांसमवेत तो हॉलंडला गेला. लायडेन येथे त्याने विणकाम केले. १६१३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे डॉरथी मे हिच्याशी त्याचा विवाह झाला. तेथील नोंदीनुसार वर २३ वर्षांचा, तर वधू १६ वर्षांची होती. मुलगा जॉन याला मागे ठेवून दांपत्य मेफ्लॉवरवर चढले. जुन्या कालगणनेनुसार ७ डिसेंबर १६२० रोजी, जहाज केप कॉडच्या बंदरात नांगरलेले असताना, डॉरथीचा बुडून मृत्यू झाला. १६२३ मध्ये ब्रॅडफर्डने ॲलिस साउथवर्थ या विधवेशी विवाह केला. त्यांना विल्यम, मर्सी व जोसेफ ही अपत्ये झाली. १६५७ मध्ये ब्रॅडफर्डचे निधन झाले.

कथनातील मौन :
डॉरथी मरण पावली तेव्हा ब्रॅडफर्ड वसतीयोग्य जागेच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीबरोबर होता. त्या मोहिमेतील थंडी, स्थानिक लोकांशी झालेली चकमक, वादळात सापडलेली होडी यांचे सविस्तर वर्णन त्याने केले आहे. पत्नीच्या मृत्यूविषयी मात्र त्या कथनात एक शब्दही नाही. हे मौन विशेष जाणवते, कारण प्रवासात समुद्रात पडलेला जॉन हाऊलंड हा तरुण दोराला धरून कसा वाचला, हा प्रसंग त्याने तपशिलाने सांगितला आहे. गव्हर्नर कार्व्हरच्या पाठोपाठ काही आठवड्यांत त्याची पत्नी वारली, याचीही त्याने दखल घेतली आहे.

ही पोकळी भरून काढण्याचा मोह उत्तरकालीन लेखकांना आवरला नाही. कॉटन मॅथर याने १७०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात डॉरथी अपघाताने पाण्यात पडल्याचे म्हटले आहे. जेन जी. ऑस्टिन या अमेरिकन लेखिकेने १८६९ मध्ये मासिकात प्रसिद्ध केलेल्या कथेत मात्र या मृत्यूला आत्महत्येचे रूप दिले आणि ती कल्पित कथा पुढे इतिहास म्हणून रूढ झाली. तिला समकालीन साधनांचा आधार नाही. त्याचबरोबर, या मौनावरून ब्रॅडफर्डला भावनाशून्य ठरविणेही तितकेच निराधार होय. त्याच्या लेखी ग्रंथाचा नायक व्यक्ती नसून ईश्वरी योजनेखाली वाटचाल करणारा समुदाय आहे. हाऊलंडचे वाचणे या योजनेची साक्ष ठरते. पत्नीच्या बुडण्याला मात्र अशा कथनात जागा सापडत नाही.

यादीतील कुटुंब :
कथनात नसलेले कुटुंब हस्तलिखिताच्या अखेरीस जोडलेल्या यादीत भेटते. सुमारे १६५० मध्ये ब्रॅडफर्डने मेफ्लॉवरवरील प्रवाशांची नावे कुटुंबवार लिहिली व प्रत्येक घरातील मृत्यू, विवाह आणि अपत्ये नोंदविली. तेथे इतरांच्याच ओळीत तो स्वतःची नोंद करतो : पत्नी आगमनानंतर लवकरच वारली, पुन्हा विवाह झाला, चार मुले आहेत. आलेल्या सुमारे शंभर जणांपैकी निम्म्याहून अधिक मरण पावले. उरलेल्यांपासून झालेले १६० हून अधिक वंशज हयात आहेत, असा हिशेब तो मांडतो. येथे कुटुंब हे खाजगी भावनेचे स्थान न राहता कृपेचे परिमाण बनते.

ग्रंथाचा पुढील प्रवासही कुटुंबातूनच झाला. हस्तलिखित पित्याकडून पुत्राकडे व पुत्राकडून नातवाकडे गेल्याची नोंद सॅम्युअल ब्रॅडफर्ड याने १७०५ मध्ये त्यावरच केली आहे. पुढे ते बॉस्टनहून नाहीसे झाले, लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात सापडले, १८५६ मध्ये समग्र छापले गेले आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परतले.

यादीबाहेरचे :
या हिशेबाची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. प्लिमथ वसले ती जागा म्हणजे साथीच्या रोगाने आधीच ओस पडलेले पॅटक्सेट हे गाव होते. टिस्क्वॉन्टम तेथलाच असून त्याच्याखेरीज क्वचितच कोणी वाचले होते, हे ब्रॅडफर्डनेच लिहिले आहे. आसपास उघड्यावर पडलेल्या कवट्या व अस्थींचाही त्याने उल्लेख केला आहे. मात्र या मृतांची घरवार यादी कोणी केली नाही. डॉरथीला निदान एक ओळ मिळाली. पॅटक्सेटच्या स्त्रियांना व मुलांना तीही मिळाली नाही.

समारोप :
सारांश, वसाहतकाराचे कुटुंब त्याच्याच ग्रंथात शोधताना मौनाच्या दोन जाती वेगळ्या कराव्या लागतात. पहिले मौन लेखकाच्या धर्मदृष्टीतून आलेले असून नोंदवह्या व याद्यांच्या साहाय्याने ते काही अंशी उलगडते. दुसरे मौन सत्तेचे आहे. तेथे नोंदच नसल्याने वंशावळ सांधण्याची सोय उरत नाही. पहिल्या मौनात कल्पित कथा भरू नये आणि दुसऱ्याला नैसर्गिक मानू नये, एवढी दक्षता समीक्षेने घेतली, तर कुलवृत्तांताचा शोध केवळ पूर्वजगौरव न राहता इतिहासाचे चिकित्सक वाचन ठरू शकेल.