‘एक वनस्पती’ : शब्दकोड्यातली दोन घरे

खडकवासला धरणाच्या काठी, पाणी मागे हटलेल्या ओलसर जमिनीत माका वाढतो. बटणाएवढ्या पांढऱ्या फुलांचा हा बुटका माका सिंहगडाकडे निघालेल्या कितीकांच्या पायाखाली येत असेल. त्यांच्यातलाच एखादा रविवारी शब्दकोड्यात ‘एक औषधी वनस्पती’ वाचून क्षणात ‘माका’ लिहितो. शब्द ओळखीचा, रोप अनोळखी. ही फारकत कोड्याने घडवलेली नाही. ते ती झाकते, एवढाच माझा आक्षेप आहे.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले. रोमन लिपीत स्वराला स्वतंत्र घर मिळते. मराठीत काना-मात्रेसह अख्खे अक्षर एका घरात बसते : ‘आघाडा’ला तीन घरे, जोडाक्षर असूनही ‘दूर्वा’ला दोनच. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर व्यंजनाबरोबर स्वरही जुळावा लागतो. साहजिकच आपल्या कोड्यांत काळी घरे वाढतात, छेद घटतात. ज्या घराला छेद नाही, त्याची हमी एकटे शोधसूत्रच देऊ शकते.

नेमके तिथेच आपण ढिले पडतो. ‘एक पालेभाजी’, दोन अक्षरे : मेथी, माठ, शेपू, चुका, घोळ. पाचही बरोबर. याला कोडे म्हणायचे की चिठ्ठी उचलणे?

‘औषधी वनस्पती’ या जोडीचीही गंमत आहे. जुन्या संस्कृत वर्गीकरणात ‘वनस्पती’ म्हणजे फुलोरा न दिसता फळणारे वड-उंबरासारखे वृक्ष. फळ पिकले की जिचे आयुष्य संपते, ती ‘ओषधी’. टाकळा, कुरडू, तेरडा या अर्थाने ओषधीच. मराठीत ‘ओषधी’ मागे पडली, ‘औषधी’ उरली; रोपाची जीवनरीत जाऊन त्याचा उपयोग तेवढा राहिला. केळीला आपण झाड म्हणतो, पण तिच्या खोडात लाकूड नाही आणि एकदा घड दिला की ते खोड संपते. तीही ओषधीच्याच जवळची.

कोडे हा विरंगुळा आहे, त्यात वनस्पतिशास्त्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण नेमके सूत्र अवघड असतेच असे नाही. ‘रात्री पाने मिटणारी पावसाळी रानभाजी’ : टाकळा. ‘पत्रीत मान, धोतराला चिकटण्यात पटाईत’ : आघाडा. ‘केसांच्या तेलात पडणारा, ओलीत वाढणारा’ : माका. यांतले प्रत्येक सूत्र सोडवणाऱ्याला रोपाची एक खूण देते.

पुढच्या पावसाळ्यात खडकवासल्याच्या काठी ती खूण त्याला आठवली, तर कोड्याचे काम झाले. नाही तर माका दोन घरांत कोंडलेलाच राहील.