थेऊरची चिता आणि रतनपूरचा वाडा : किशोर वाचक व दरबारी कादंबरी

इंग्रजीत ट्यूडर राजघराण्यावर किशोरांसाठी लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांची एक दीर्घ परंपरा आहे. या परंपरेला लाभलेले कथाद्रव्यच किशोरवयाचे आहे. सहावा एडवर्ड नवव्या वर्षी गादीवर आला आणि पंधराव्या वर्षी 1553 मध्ये वारला. त्याच्यामागून नऊ दिवस राणी म्हणवली गेलेली जेन ग्रे पुढच्या वर्षी वधस्तंभावर गेली, तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती. ज्या दरबारात मुलांनाच राज्य करावे लागते आणि मुलांनाच मरावे लागते, तो दरबार किशोर वाचकाला आपला वाटावा यात नवल नाही. मराठी वाचकाला असा दरबार शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. माधवराव पेशव्यांना 1761 मध्ये वस्त्रे मिळाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. नारायणराव सतराव्या वर्षी पेशवे झाले आणि 1773 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शनिवारवाड्यातच मारले गेले. सवाई माधवराव तर जन्मानंतर चाळीस दिवसांतच पेशवे ठरले, आणि 1795 मध्ये एकविसाव्या वर्षी त्याच वाड्यात त्यांचा अंत झाला. कारभाऱ्यांची मसलत, काकांची महत्त्वाकांक्षा, आईचा अभिमान, लहान मुलाच्या नावाने चाललेले राज्य ही ट्यूडर कादंबरीची सारी सामग्री येथे आयती उपलब्ध आहे.

असे असूनही मराठीत किशोरांसाठी स्वतंत्र अशी दरबारी कादंबरी ठसठशीतपणे उभी राहिली नाही. हरि नारायण आपट्यांच्या आणि नाथमाधवांच्या कादंबऱ्या पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलांनी वाचल्या, गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांनीही तो वाचक राखला. परंतु त्यांचा ओढा गड, घाट, माची आणि मोहीम यांकडे आहे. दरबाराच्या आतल्या दालनात किशोर वाचक शिरतो तो प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीचे बोट धरून. आणि ती कादंबरी बहुधा रणजित देसाईंची ‘स्वामी’ असते. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि 1964 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीने चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाचा विचार समोर ठेवला होता असे म्हणता येणार नाही. पण मराठी घरांत ती त्या वयाच्या हाती पडते, आणि ग्रंथालयांच्या कपाटात तिच्या मलपृष्ठाची जी अवस्था दिसते ती वाचकप्रियतेचा पुरावा म्हणून पुरेशी आहे. तेव्हा तिचे परीक्षण त्या वयाच्या वाचनाच्या अंगाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

हे वाचन पुण्यात बसून करणे आणि रायपुरात बसून करणे यांत मात्र अंतर पडते. रायपुरातील मराठी समाज एका काळात आलेला नाही. काही कुटुंबे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आली, काही इंग्रजी अमलात कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने. तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावातच मराठी वावर ऐकू येतो. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, बाजारात छत्तीसगढी, अशी येथील मुलाची भाषिक वाटणी असते. लिपी एकच असल्यामुळे मराठी पुस्तक त्याला वाचता येते. पण त्या पुस्तकातील भूगोल त्याच्या पायाखालचा नसतो. पर्वती, थेऊर, शनिवारवाडा ही त्याच्या लेखी ऐकीव ठिकाणे. त्याच्या पायाखाली रतनपूर आहे, आणि ‘स्वामी’मध्ये रतनपूरला जागा नाही.

हा मुद्दा प्रादेशिक अस्मितेचा म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण तो कादंबरीच्या दृष्टिकोनाशी निगडित आहे. ‘स्वामी’चे निवेदन तृतीयपुरुषी असले तरी त्याची नजर शनिवारवाड्यातून बाहेर पाहते. या नजरेला नागपूरकर जानोजी भोसले दिसतात ते बेभरवशाचे, वारंवार फिरणारे सरदार म्हणून. इतिहासात त्याला आधार नाही असे नाही. 1763 मध्ये निजामाच्या फौजेबरोबर जानोजींनी पुणे लुटले आणि त्याच वर्षी राक्षसभुवनापूर्वी ते पेशव्यांना येऊन मिळाले. पुढे माधवरावांच्या फौजा नागपूरकरांच्या मुलखात शिरल्या आणि 1769 मध्ये कनकापूरचा तह झाला. पण जानोजींचे भाऊ बिंबाजी त्याच काळात रतनपुरास राज्य करीत होते. रायपूरच्या वाचकाच्या दृष्टीने ज्या घराण्यामुळे मराठी भाषा या प्रदेशात रुजली, तेच घराणे कादंबरीत प्रतिपक्ष म्हणून उभे राहते. अशा वेळी किशोर वाचक काय करतो? बहुधा तो सहजपणे पुण्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. कादंबरीची मोहिनीच तेवढी आहे. चांगल्या ऐतिहासिक कादंबरीने मात्र वाचकाला क्षणभर तरी थांबवून, दुसऱ्या बाजूसही एक दरबार आहे, तेथेही भावाभावांची ईर्षा आणि विधवांची आर्जवे आहेत, हे जाणवून द्यावे अशी अपेक्षा अवाजवी नाही. जानोजींच्या मृत्यूनंतर साबाजी आणि मुधोजी या भावांत वारशाचा झगडा पेटला आणि 1775 मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. शनिवारवाड्यातील काका-पुतण्याइतकेच हे नाट्य दारुण आहे.

‘स्वामी’चे खरे सामर्थ्य राजकारणात नाही, हे अनेकांनी जाणले आहे. ते माधवराव आणि रमाबाई यांच्या सहवासाच्या चित्रणात आहे. दरबारातील कठोर, तापट, शिस्तप्रिय पेशवा अंतःपुरात आला की त्याच्या वयाची आठवण वाचकाला होते. देसाईंची संवादप्रधान शैली येथे विलक्षण फुलते. प्रसंग लहान, वाक्ये लहान, आणि बोलण्यातील संकोचातून उमटणारी जवळीक. पंधरा वर्षांच्या वाचकाला प्रेम ही भावना मराठीत भारदस्तपणे भेटण्याची संधी हे पुस्तक देते, आणि हे ऋण मोठे आहे. गोपिकाबाई आणि माधवराव यांच्यातील दुराव्याचे चित्रणही असेच संयत आहे. आईला दूर गंगापुरी जावे लागते, आणि न्यायी असणे म्हणजे एकाकी असणे हे कादंबरी न सांगता सांगून जाते.

अडचण शेवटाशी आहे. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवरावांचे देहावसान झाले आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे. कादंबरीकाराला तो टाळता येणार नव्हता. प्रश्न असा आहे की हा प्रसंग कोणत्या स्वरात सांगितला जातो. ‘स्वामी’मध्ये रमाबाईंचे सहगमन हे त्या प्रेमकथेचे परिपूर्तिस्थान म्हणून येते. सबंध कादंबरीने वाचकाला त्या दोघांच्या एकरूपतेची इतकी सवय लावलेली असते की चिता ही वियोगाला दिलेले उत्तर वाटू लागते. रमेला कादंबरीभर स्वतःचे असे आयुष्य जवळजवळ नाही. तिचा काळ म्हणजे माधवरावांच्या येण्याचा आणि जाण्याचा काळ. म्हणून तिच्या मरणात काय गमावले जाते याचा हिशेब वाचकाच्या हाती लागत नाही. लागतो तो फक्त गहिवर.

याच्या शेजारी मार्क ट्वेनची ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ ही 1881 मधील कादंबरी ठेवून पाहावी. ट्यूडर दरबारावरील किशोरवाङ्मयाचा एक मोठा प्रवाह या पुस्तकापाशी येऊन मिळतो. राजपुत्र एडवर्ड आणि भिकाऱ्याचा मुलगा टॉम यांची वेषांतराने अदलाबदल होते; टॉम राजमुद्रेने अक्रोड फोडत बसतो आणि एडवर्ड रस्त्यावर येऊन आपल्याच राज्यातील कायदे खालून पाहतो. या प्रवासात तो तुरुंगात पडतो, आणि तेथे त्याच्याशी मायेने वागलेल्या दोन स्त्रियांना पाखंडाच्या आरोपावरून खांबाला बांधून जाळले जाते. त्यांच्या मुली आक्रोश करीत त्यांना बिलगतात. बालराजा हे पाहतो आणि ते दृश्य आपल्याला आयुष्यभर सोडणार नाही हे त्याला कळते. ट्वेनचे पुस्तक वाङ्मयीन दृष्ट्या निर्दोष नाही. त्यातील योगायोग भाबडे आहेत आणि शेवट फारच सोयीचा आहे. तरीही ज्वाळा कोठून पाहायच्या याविषयी लेखकाच्या मनात संभ्रम नाही. राजाच्या नावाने पेटलेली आग त्याने राजाला कैद्याच्या जागी उभे करून दाखवली. थेऊरची चिता मात्र वाचक दुरून, हात जोडलेल्या जमावातून पाहतो.

पाखंडी स्त्रियांचा जाहीर देहदंड आणि सहगमन या भिन्न संस्था आहेत, त्यांची तुलना योग्य नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. अठराव्या शतकातील स्त्रीच्या मनोभूमिकेला आजच्या कसोट्या लावणे हा इतिहासाचा विपर्यास होईल, हेही खरे. परंतु कादंबरी अठराव्या शतकात वाचली जात नाही. 1987 मध्ये राजस्थानातील देवराला येथे अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर गेली आणि त्याच वर्षी सतीप्रथेच्या उदात्तीकरणाला शिक्षा ठरवणारा कायदा झाला. त्यानंतर ‘स्वामी’ हाती घेणारी मुलगी रमाबाईंच्या जवळपास त्याच वयाची असते. तिला पुस्तकापासून दूर ठेवणे हा काही उपाय नव्हे. ते वाचताना तिच्या मनात प्रश्न जागा व्हावा एवढी फट तरी निवेदनात हवी होती. ती फट देसाईंच्या कादंबरीत सापडत नाही, हा तिचा दोष म्हणून नोंदवला पाहिजे.

ही फट कशी असू शकते हे रतनपूरच्याच इतिहासातून दाखवता येते. 1741 च्या सुमारास भास्करपंतांची मराठी फौज बंगालकडे जाताना रतनपुरावर आली. तेथील हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध झाला होता. एकुलता एक मुलगा गेल्याच्या दुःखात त्याने राज्यकारभाराकडे पाठ फिरवली होती. प्रतिकार झाला नाही. तोफांनी राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखवले, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. त्या राणीचे नाव तेथे नाही. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसल्यांचा अंमल आला; त्यांनी येथील टेकडीवर राममंदिर बांधले. 1787 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नींपैकी उमाबाई सती गेल्या आणि आनंदीबाई मागे राहून कारभारात लक्ष घालत राहिल्या. एकाच वाड्यात, एकाच दिवशी, दोन स्त्रियांपुढे दोन वाटा होत्या. यांतील एकीच्या दासीच्या, किंवा वाड्यात वाढणाऱ्या एखाद्या मुलीच्या नजरेतून ही कथा सांगितली गेली, तर सती जाणे हा एक निर्णय होता, त्यामागे माणसे, दबाव, भीती आणि श्रद्धा होत्या, हे व्याख्यान न देता वाचकाला उमगेल. 1818 मध्ये इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास हलवले आणि वाडा मागे पडत गेला. कादंबरीकाराला हवी असणारी ती ओस शांतताही येथे आहे.

सत्तेकडे खालून पाहण्याची दृष्टी या प्रदेशातील मराठी माणसाला अपरिचित होती असेही नाही. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केले, आणि 1901 मध्ये त्यातच त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी कथा आली. श्रीमंत जमीनदाराच्या महालाशेजारची विधवेची झोपडी, आणि टोपलीभर मातीचे ओझे न पेलणारा जमीनदार : एवढ्याशा कथेत सप्र्यांनी महालाचे सारे गणित उलटे मांडले. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या या मराठी लेखकाची कथा येथील मराठी मूल हिंदीच्या तासाला शिकते आणि घरी येऊन ‘स्वामी’ उघडते. दोन्ही पुस्तके त्याच्या दप्तरात एकमेकांशेजारी असतात. त्यांची गाठ घालून देणारे शिक्षक क्वचितच भेटतात.

शिवाजी सावंतांच्या ‘छावा’विषयी (1979) वेगळे लिहावे लागेल. सोयराबाईंचा पक्ष, दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण, अण्णाजी दत्तोंची मसलत यांमुळे ती ट्यूडर वारसायुद्धाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी कादंबरी आहे. 2025 मध्ये तिच्यावर आधारित हिंदी चित्रपट आल्यानंतर रायपूरच्या अमराठी मुलांपर्यंतही संभाजीराजे पोहोचले. मात्र चित्रपटात रणांगण आणि यातना यांना जेवढी जागा मिळाली तेवढी अंतःपुराला मिळाली नाही. सावत्र आई आणि मुलगा यांच्यातील अविश्वास, जो कादंबरीत पुष्कळ पाने व्यापतो, तो पडद्यावर घाईने उरकला गेला. येसूबाईंचे एकाकी कर्तृत्व शोधायचे तर वाचकाला पुन्हा पुस्तकाकडेच यावे लागते, आणि तेथेही ते ओळींच्या मधून वेचून घ्यावे लागते.