मेजावरून मांडीवर : संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर आणि टॅबलेट

संगणकावर चालणारे व्यावसायिक दर्जाचे संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर टॅबलेटवर येईल का, या प्रश्नाचे उत्तर ‘आले आहे’ आणि ‘आलेले नाही’ असे दोन्ही प्रकारे देता येते, याचे कारण त्यात दोन निराळे प्रश्न मिसळलेले आहेत. असे सॉफ्टवेअर टॅबलेटच्या यंत्रात चालू शकते का, हा त्यांतला पहिला. आणि ते चालले तरी ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय ज्या देवघेवीवर उभा आहे तीत टॅबलेटला जागा मिळते का, हा दुसरा. पहिल्याचा निकाल जवळजवळ लागला आहे. दुसऱ्याचा लागलेला नाही, आणि पुण्यात वारजे, कर्वेनगर, शिवणे अशा भागांतल्या सदनिकांमधून जे घरगुती स्टुडिओ चालतात त्यांच्या कामाची रीत पाहिली, तर तो लवकर लागेल अशी चिन्हेही नाहीत.

असे सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक कामे करते. आवाज आणि वाद्ये स्वतंत्र ट्रॅकवर, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवर मुद्रित करणे, त्यांची कापाकापी आणि जुळणी करणे, कळफलकावरून वाजवलेल्या सुरावटींना कृत्रिम किंवा नमुन्यांवर आधारलेल्या वाद्यांचा आवाज देणे आणि शेवटी या सगळ्याचे मिश्रण करणे ही ती कामे होत. पूर्वी यांतल्या प्रत्येकासाठी वेगळे यंत्र, वेगळी खोली आणि बहुधा वेगळा माणूस लागत असे. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या काळात ध्वनिमुद्रण हे मोठ्या वास्तूतच होऊ शकणारे काम होते. प्रभातच्याच आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवण्याचा विषय झाले. घरात ते शिरले ते फार नंतर. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या विद्युत वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ हा सामाईक संकेत ठरला, आणि १९९६ मध्ये जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली, जिच्यामुळे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपनीचे वाद्य किंवा परिणाम ‘प्लग-इन’ म्हणून, म्हणजे जोडसॉफ्टवेअर म्हणून बसवता येऊ लागले. पुढच्याच वर्षी वारजे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्यांच्या पुढच्या दोन दशकांत मुठेकाठच्या या गावाचे सदनिकांचे उपनगर झाले आणि त्या सदनिकांतल्या एखाद्या खोलीत संगीत संयोजकाचा संगणक, दोन स्पीकर आणि एक कंडेन्सर माइक येऊन बसला.

अशा खोलीची मर्यादा सॉफ्टवेअरइतकीच भोवतालातही असते. मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता वारज्यातून जातो. कंडेन्सर माइक, जो बारीकसारीक आवाजही टिपतो, तो मालमोटारींची घरघर आणि हॉर्नही तितक्याच निष्ठेने टिपतो. त्यामुळे गादी भिंतीला उभी करून, पंखा बंद करून, रहदारी ओसरल्यावर रात्री गाणे मुद्रित करणे हा इथल्या घरगुती स्टुडिओचा शिरस्ता बनतो. टॅबलेटचा पहिला खरा लाभ इथे दिसतो आणि तो सॉफ्टवेअरच्या गुणांच्या यादीत कुठे लिहिलेला नसतो. टॅबलेटला सहसा पंखा नसतो, तो माइकजवळ ठेवता येतो, आणि खोली सोयीची नसेल तर सगळे सामान एका पिशवीत घालून गायकाच्या घरी नेता येते.

टॅबलेटवरील सॉफ्टवेअरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ॲपलचा आयपॅड २०१० मध्ये आला, २०११ मध्ये त्यावर गॅरेजबँड आले, २०१२ मध्ये अठ्ठेचाळीस ट्रॅकचे ऑरिया आणि स्टाइनबर्गचे क्युबेसिस आले. याच काळात डेमन अल्बार्नने गोरिलाझ या आपल्या गटाचा ‘द फॉल’ हा अल्बम मुख्यतः आयपॅडवर तयार केला, तेव्हा त्याचे कौतुक संगीतापेक्षा साधनाचेच अधिक झाले. २०१५ मध्ये ॲपलने टॅबलेटसाठी प्लग-इनची स्वतःची पद्धत दिली आणि एका ॲपच्या पोटात दुसऱ्या ॲपचे वाद्य वाजू लागले. २०२१ मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांत वापरलेली एम-वन ही चिप आयपॅड प्रोमध्येही बसवली गेली. टॅबलेटची ताकद अपुरी आहे, ही सबब त्या दिवशी संपली. तरीही ॲपलला स्वतःचे लॉजिक प्रो हे सॉफ्टवेअर टॅबलेटवर आणायला मे २०२३ उजाडावा लागला, यावरून अडचण चिपमध्ये नव्हती हे उघड होते.

ही अडचण कुठे आहे हे पाहण्यासाठी एक साधे काम जवळून पाहावे लागते. एखाद्या भावगीतासाठी तबल्याची साथ मुद्रित करायची आहे असे धरले, तर दायाँसाठी एक आणि बायाँसाठी एक असे दोन माइक लागतात, ते ऑडिओ इंटरफेस नावाच्या लहान पेटीला जोडावे लागतात, आणि ही पेटी माइकमधल्या विद्युतलहरींचे अंकांत रूपांतर करून टॅबलेटला पुरवते. २०१८ पासून आयपॅड प्रोला यूएसबी-सी जोडणी आल्यामुळे हे काम सुटसुटीत झाले आहे. तबलावादकाच्या कानाला हेडफोन असतो आणि त्यातून त्याला गाण्याचा डमी, म्हणजे तात्पुरता, ट्रॅक व स्वतःचे वादन दोन्ही ऐकू येतात. सॉफ्टवेअर आवाजाचे नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळते. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने घेतले जात असतील आणि गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल, तर एक गठ्ठा भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. येताना एक आणि जाताना एक असे दोन गठ्ठे धरले तर विलंब दहा मिलिसेकंदांच्या पुढे जातो. आवाज हवेतून दहा मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे हा विलंब बैठकीत तबलजी गायकापासून दोन हात दूर न बसता खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखा असतो. सोसण्याजोगा, पण द्रुत लयीत बोटांना जाणवणारा. आयपॅडवर तो आटोक्यात ठेवता येतो. अँड्रॉइडवर मात्र हाच मुद्दा वर्षानुवर्षे अडला. तिथे यंत्रे अनेक कंपन्यांची, त्यांतले ध्वनीचे भाग निरनिराळ्या प्रतीचे, आणि २०१७ च्या आवृत्तीत गूगलने कमी विलंबासाठी नवी व्यवस्था आणेपर्यंत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हाती फारसे काही नव्हते. क्युबेसिस अँड्रॉइडवर २०२० मध्ये आले, आयपॅडनंतर तब्बल साडेसात वर्षांनी. महाराष्ट्रातल्या सामान्य घरांत जे टॅब असतात ते बहुतांश अँड्रॉइडचे असतात, ही गोष्ट ‘टॅबलेटवर आले’ असे म्हणताना सोयीस्करपणे विसरली जाते.

मुद्रण झाले, अडचण त्यानंतरची आहे. हा तबला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संयोजकाकडे जातो, तो त्यावर व्हायोलिनचे थर चढवतो, मग गाणे मिश्रणासाठी मोठ्या स्टुडिओत जाते, आणि चित्रपटाचे काम असेल तर तिथे बहुधा प्रो टूल्सच वापरात असते. प्रो टूल्स बनवणाऱ्या ॲव्हिडने २०२३ मध्ये आयपॅडसाठी ‘स्केच’ नावाचे ॲप दिले, पण नावाप्रमाणेच ते कच्च्या आराखड्यासाठी आहे. मूळ सॉफ्टवेअर टॅबलेटवर आलेले नाही. नमुन्यांवर आधारलेल्या वाद्यांसाठी जगभर वापरले जाणारे कॉन्टॅक्ट तिथे नाही, आणि गायकाचे घसरलेले सूर जागेवर आणण्यासाठी रेकॉर्डिस्ट ज्याच्यावर भिस्त ठेवतात ते मेलोडाइनही नाही. परिणामी टॅबलेटवर काम करणाऱ्याला प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी सुटी फाइल म्हणून बाहेर काढून द्यावा लागतो, यालाच स्टेम देणे म्हणतात. स्टेममध्ये आवाज जातो, पण तो कसा घडला त्याचा हिशोब, म्हणजे कुठे कापले, कोणता परिणाम किती लावला, कोणता टेक, म्हणजे गाण्या-वाजवण्याचा कोणता प्रयत्न, बाजूला ठेवला, तो जात नाही. व्यवसायात या हिशोबाला फार किंमत असते, कारण निर्माता आठ दिवसांनी फोन करून दुसऱ्या अंतऱ्यातला पहिलाच टेक हवा असे सांगू शकतो. लॉजिक प्रोचा प्रकल्प मॅक आणि आयपॅड यांच्यात ये-जा करू शकतो आणि ही सोय मोलाची आहे, पण ती एकाच कंपनीच्या कुंपणातली आहे.

पैशाचे गणितही याच दिशेने ओढते. मॅकवरील लॉजिक प्रो एकदा पैसे भरून कायमचे घेता येत असे; आयपॅडसाठीचे अमेरिकेत महिन्याला ४.९९ डॉलर किंवा वर्षाला ४९ डॉलर अशा वर्गणीने आले. घरगुती स्टुडिओंच्या जगात क्रॅक, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरचा वापर किती मुरलेला आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी लिहीत नाही. टॅबलेटवर ही पळवाट जवळपास बंद आहे. त्यामुळे प्रामाणिकपणे काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गणी स्वस्त पडते, तर ज्याच्या संगणकात सगळे फुकट भरलेले आहे त्याला टॅबलेट महाग वाटतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची बाजू निराळी आहे: ॲपच्या दुकानात ग्राहकाला स्वस्ताची सवय लागलेली, दुकानदार विक्रीतला पंधरा ते तीस टक्के वाटा घेणार, मग मेजावर शेकडो डॉलरना विकले जाणारे साधन तिथे पूर्ण ताकदीने आणण्याची घाई कोणी करावी? टॅबलेटवरील बहुतेक सॉफ्टवेअर धाकट्या भावासारखे दिसते त्याचे हे मोठे कारण आहे.

तरीही टॅबलेटवर खरोखर नवे असे काही घडलेच नसते तर हा विषय इथेच संपला असता. घडले ते मेजावरच्या सॉफ्टवेअरच्या नकलेबाहेर घडले. काचेच्या पृष्ठभागावर बोट सरकवता येते, आणि सरकत्या बोटाला पाश्चात्त्य कळफलकाच्या बारा पट्ट्यांचे बंधन नसते. मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता जाणे, आणि आंदोलित, म्हणजे हळुवार झुलता, गंधार यांसाठी हे हार्मोनियमपेक्षा कितीतरी सोयीचे आहे. २०१५ मध्ये आलेल्या जिओश्रेड या ॲपने हे दाखवून दिले, आणि महेश राघवन यांच्यासारख्या वादकाने त्यावर कर्नाटक संगीत वाजवून आयपॅडला मैफलीतले वाद्य बनवले. इथे टॅबलेट स्टुडिओची जागा घेत नाही, वाद्याची घेतो.

याहून जवळचे आणि अधिक विचार करण्याजोगे उदाहरण पुण्याचेच आहे. पंडित जसराज यांचे शिष्य आणि व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता असलेले पुण्याचे गायक संदीप रानडे यांनी बनवलेल्या ‘नादसाधना’ या ॲपला २०२१ मध्ये ॲपलचा डिझाइन पुरस्कार नवकल्पनेच्या विभागात मिळाला. या ॲपची सुरुवात रियाजाच्या गरजेतून झाली आहे. गाणाऱ्याचा सूर ठरलेल्या स्थानापासून किती ढळला हे ते त्याच क्षणी दाखवते, आणि यंत्र-शिक्षणाच्या आधाराने गाणे ऐकत त्याला साजेशी साथ उभी करते. ध्वनिमुद्रण करून ते प्रसिद्ध करण्यापर्यंतची सोयही त्याच जागी आहे. मेजावरच्या सॉफ्टवेअरची रचना ट्रॅक आणि मीटर यांच्यापासून सुरू होते, चार-चार ठोक्यांची चौकट आधी आखते आणि मग तीत संगीत भरायला सांगते. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे आवर्तन या चौकटीत बसवता येते, पण लय गायकाबरोबर किंचित पुढेमागे होते आणि क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरचा ठरावीक ठोका, तसा होत नाही, त्यामुळे बसवल्यावर ख्याल अवघडतो. नादसाधनेत आधी गाणारा आहे आणि यंत्र त्याच्यामागे जाते. पुरस्काराच्या बातम्यांत यंत्र-शिक्षणाची वाखाणणी झाली. अधिक महत्त्वाचा हा क्रमबदल होता, त्याची दखल मराठी संगीतसमीक्षेने पुरेशी घेतलेली नाही. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की यंत्राने उभी केलेली साथ गायकाला पाठबळ देते, प्रतिप्रश्न करत नाही. समेवर येताना तबलजीने केलेली खोडी आणि तिला गायकाने दिलेले उत्तर यांतून मैफल रंगते, आणि आज्ञाधारक साथीवर वाढलेला विद्यार्थी प्रत्यक्ष साथीदारासमोर बसल्यावर गोंधळण्याची शक्यता आहे.

मोठ्या आकाराच्या कामाला मात्र टॅबलेटचा स्पर्श झालेला नाही. अजय-अतुल या संगीतकारांनी २०१६ च्या ‘सैराट’ या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद मुद्रित केला, तेव्हा गरज लागली ती दालनाच्या घुमाऱ्याची, माणसांची आणि माइकांच्या मांडणीची. त्या टोकाला सॉफ्टवेअर मेजावर आहे की मांडीवर हा प्रश्न गौण होतो. प्रश्न खरा आहे तो दुसऱ्या टोकाला, वारज्यातल्या खोलीत, जिथे एकच माणूस चाल बांधतो, वाजवतो, मुद्रित करतो आणि मिश्रणही करतो.

त्या खोलीत वारे उलटे वाहू लागल्याच्या खुणा आहेत. लॉजिक प्रोमधील सॅम्पल अल्केमी आणि बीट ब्रेकर ही साधने आधी आयपॅडवर आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मॅकवर गेली. मे २०२४ मध्ये मॅक आणि आयपॅड या दोन्हींवरील लॉजिक प्रोच्या नव्या आवृत्त्या एकाच वेळी निघाल्या. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये एकाच वेळी अनेक खिडक्या अधिक मोकळेपणाने उघडणे, मागे काम चालू ठेवणे आणि प्रत्येक ॲपसाठी निराळा माइक निवडणे शक्य झाले, म्हणजे टॅबलेटच हळूहळू संगणकासारखा वागू लागला. हे असेच चालले तर मेजावरचे सॉफ्टवेअर टॅबलेटवर येण्याऐवजी दोहोंतला भेद पुसट होईल, आणि स्टेमऐवजी संपूर्ण प्रकल्प एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारा, सर्व प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मान्य केलेला संकेत नसणे हीच खरी उणीव उरेल. मिडीच्या बाबतीत प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १९८३ मध्ये असा संकेत मान्य केला होता. तसे होईपर्यंत वारज्यातला संयोजक चाल टॅबवर बांधेल, तबला टॅबवर मुद्रित करेल, आणि मिश्रणासाठी पेन ड्राइव्हवर स्टेम घेऊन दुसऱ्याच्या मेजाशी जाईल.