आदिवासी उपयोजनेतील भांडवली निधी व व्यवसाय प्रशिक्षण : खोडाळा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजनेची संकल्पना पुढे आली. सुकथनकर समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात १९९३-९४ पासून आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याचे सूत्र अमलात आले. निधीचे प्रमाण निश्चित झाले. परंतु त्यातून उभ्या राहणाऱ्या मालमत्तेचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न मागे पडला. पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे) मोखाडा तालुक्यात, जेथे २०११ च्या जनगणनेनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तेथील खोडाळा परिसराच्या संदर्भात हा प्रश्न विचारात घेणे आवश्यक ठरते.

निधीचे निकष :

केंद्र शासनाने २००७-०८ मध्ये १,३९६ शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या दर्जावाढीसाठी सार्वजनिक-खाजगी भागीदारीची योजना सुरू केली. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीस अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्यात आले. दहा वर्षांच्या सवलतीनंतर वीस वर्षांत त्याची परतफेड अपेक्षित होती. या रचनेत दोन गोष्टी गृहीत होत्या : एक, परिसरात भागीदार होऊ शकणारा उद्योग असणे, दोन, संस्थेस स्वतःचे उत्पन्न मिळणे. ज्या भागात कारखाने नाहीत व पालकांची शुल्क भरण्याची ऐपत नाही, तेथे ही दोन्ही गृहीतके लटकी पडतात. कागदोपत्री समान असलेला निकष प्रत्यक्षात विषम ठरतो.

इमारत आणि प्रशिक्षणार्थी :

कार्यशाळा व यंत्रसामग्रीशिवाय व्यवसाय प्रशिक्षण अशक्य असल्याने भांडवली खर्चाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि निदेशकांचे वेतन, कच्चा माल, विद्यावेतन व देखभाल या बाबी महसुली खर्चात मोडतात. या दोहोंची सांगड न घातल्यास इमारत उभी राहते, पण प्रशिक्षण उभे राहत नाही. शिवाय दिवाळीनंतर या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतरित होतात. अशा कुटुंबातील युवकासाठी वसतिगृह ही सोय नसून प्रशिक्षणाची पूर्वअटच असते.

शासकीय भांडवल या डोंगराळ भागात पोहोचतच नाही, असेही म्हणता येत नाही. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबईसाठी बांधलेले मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये कार्यान्वित झाले. त्याची क्षमता प्रतिदिन ४५५ दशलक्ष लिटर आहे. याच तालुक्यातील पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजेच उणीव केवळ निधीची नसून प्राधान्यक्रमाची आहे.

समारोप :

भांडवली निधीचे मूल्यमापन झालेल्या खर्चावरून न करता प्रशिक्षण पूर्ण करून रोजगार मिळविणाऱ्या युवकांच्या संख्येवरून व्हावे. २०१५ पासून राज्याने आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यास सुरुवात केली. विकासाच्या गरजा ठरविण्याचा ग्रामसभेचा अधिकार त्यातून मान्य झाला. प्रशिक्षण संस्थेचे स्थान, अभ्यासक्रम व वसतिगृह यांविषयीच्या निर्णयांतही हेच तत्त्व स्वीकारले गेले, तरच उपयोजनेचा मूळ हेतू सफल होईल.