सात किलोंतला बाप्पा

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात पाऊल टाकले की नजर आपोआप वर जाते. चार-चार फुटांच्या मूर्ती, त्यांची सिंहासने, पिसारा फुलवलेले मोर, वाऱ्यावर उडणारे शेले. पाहणारा तिथेच रमतो आणि फळीच्या खालच्या खणातली वीतभर शाडूची मूर्ती बघायची राहून जाते. मला लिहायचे आहे ते तिच्याविषयी. आठ-नऊ इंच उंच, साधारण दोन-अडीच किलो वजनाची ही मूर्ती परदेशातल्या मराठी घरी जायची असते, तीही विमानात हातातल्या बॅगेतून. बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर अशा बॅगेला सात किलोंच्या आसपास वजन देतात. त्यात मूर्ती, पूजेचे साहित्य आणि प्रवाशाचे दोन कपडे बसवायचे. मोठ्या मूर्तीत मूर्तिकाराला हौस भागवायला जागा असते. इथे प्रत्येक इंचाचा हिशोब द्यावा लागतो. त्यामुळे त्याने काय ठेवले आणि काय सोडले, हे या मूर्तीत जितके लख्ख दिसते तितके मोठ्या मूर्तीत दिसत नाही.

हमरापूर पेण तालुक्यात, पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेणच्या अलीकडचे छोटे स्टेशन. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर या पट्ट्यात अंगणाअंगणात मांडव घालून मूर्ती घडतात आणि घरातली बाईमाणसेही या कामात तितकीच तयार असतात. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती इथून राज्यभर जातात, तयार मूर्ती अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचतात. परदेशी जाणारा मोठा माल कंटेनरमधून समुद्रमार्गे निघतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, तेही याच रायगड जिल्ह्यात. त्यामुळे दूरच्या प्रवासात काय टिकते आणि काय मोडते, हे या गावाला पक्के ठाऊक आहे. हातातल्या बॅगेची मूर्ती त्याच जाणतेपणातून आली आहे.

आधी बैठक पाहा. मूर्ती प्रवासात तुटते ती ठरलेल्या जागी: मागच्या हातांची बोटे, त्यांतले पाश आणि अंकुश, कानांच्या कडा, सोंडेचे टोक, मुकुटाचा कळस. चांगल्या प्रवासी मूर्तीत यातला एकही अवयव एकटा पडलेला नसतो. मागचे दोन्ही हात कोपरात दुमडून कानांना टेकवलेले असतात, म्हणजे हात आणि कान मिळून एकच भरीव आकार होतो. पाश आणि अंकुश हवेत उभे राहत नाहीत, कानाच्या पाळीवर उठावात येतात. सोंड डावीकडे वळून पोटावर विसावते आणि तिचे टोक तळहातावरच्या मोदकाला टेकते. आशीर्वादाचा हात छातीपासून फार पुढे येत नाही. मूषक पाटाच्या कोपऱ्यात दूर बसण्याऐवजी गुडघ्याला बिलगतो. प्रभावळ नाही, लोड नाही. पाट मांडीच्या रुंदीपेक्षा बोटभरच मोठा. मूर्तीभोवती धोतराचा पंचा घट्ट गुंडाळून पाहिला तर तो कुठेही पोकळीवर ताणला जात नाही. सगळीकडे आधार सापडतो.

हे सगळे मोडतोड टाळण्यासाठी केले, हे खरे. पण त्याने भाव कसा बदलला ते बघण्यासारखे आहे. हातपाय आवरून बसलेल्या या गणपतीत एक स्थैर्य येते. मंडपातल्या मूर्तीला दुरून येणाऱ्या गर्दीकडे पाहायचे असते, म्हणून तिचे हात फाकलेले आणि छाती पुढे. ही मूर्ती बसणार दिवाणखान्यातल्या टेबलावर किंवा पुस्तकांच्या कपाटात, समोर चार-पाच माणसे. त्या अंतराला ही आवरलेली बैठकच शोभते. सोंडेच्या टोकाला मोदकाचा आधार दिला तो मोडू नये म्हणून, आणि त्यातूनच मोदक चाखण्याच्या बेतात असलेल्या बाळाचा भाव उमटला. गरजेतून आलेली रेषा सौंदर्याची झाली की कारागिरी कलेत जाते. हमरापूरची ही मूर्ती त्या जागी पोचलेली आहे.

आता वजन. शाडूची माती गुजरातेतून येते. ती भिजवून, तुडवून, लोण्यासारखी मऊ करून साच्यात दाबतात, साच्याचे भाग जोडतात, सांधे ओल्या मातीने लिंपतात. हात मागाहून बसवतात. मूर्ती आतून पोकळ ठेवतात आणि खरे कसब आहे ते या पोकळीत. बुडाशी मातीचा थर जाड, पोटाशी मध्यम, मुकुटाशी पातळ. असा उतरता थर साधला की भार खाली राहतो आणि मूर्ती हिंदकळली तरी कलंडत नाही. थर जास्त जाड ठेवला तर वाळताना आतली ओल अडकते आणि तडा जातो. जास्त पातळ केला तर सांधा उकलतो. हे माप कुठे लिहून ठेवलेले नसते, दाबणाऱ्याच्या अंगठ्याला ते कळते. मूर्ती विकत घेणाऱ्याने ती एकदा उलटी करून आत डोकावून पाहावी. आतल्या बोटांच्या ठशांवरून कारागीर कळतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती याहून हलकी होते आणि आत काथ्या घातला की धक्केही सोसते. मग प्रवासाला शाडू कशाला? कारण गणेशचतुर्थीची मूर्ती पार्थिव. ती मातीतून यावी आणि पाण्यात विरघळून परत मातीला मिळावी, हीच त्या पूजेची अट. प्लास्टर पाण्यात दिवसेंदिवस तसेच पडून राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही प्लास्टरच्या मूर्तींना नकार दिला. परदेशातल्या घरात विसर्जन बहुधा बादलीतच होते. शाडूची मूर्ती काही तासांत विरघळते आणि ते पाणी कुंडीला घालता येते. इथे प्रवाशाने किलोभर वजन जास्तीचे पत्करले, ते समजून-उमजून. सामान हलके करताना सगळेच कमी करत सुटणारा माणूस फसतो. एखाद्या गोष्टीचे वजन ठेवलेच पाहिजे, हे ज्याला कळते त्याचीच बॅग नीट भरते.

रंगातही हाच विवेक दिसतो. गेल्या काही वर्षांत मूर्तींना खडे लावणे, खरे धोतर नेसवणे, फेटा बांधणे याची मोठी हौस आली आहे. मंडपात ते खुलते. बॅगेत मात्र खडे निखळतात आणि निखळलेला खडा रंगावर ओरखडा काढतो. म्हणून प्रवासी मूर्तीचे दागिने मातीतच उमटवलेले आणि सोनेरी रंगाने उजळलेले असतात. पीतांबर एका सपाट पिवळ्यात, शेला एका लालात, काठाची एक बारीक रेघ. अंगाचा रंग स्प्रे गनने हलक्या छटांत चढवलेला, चकाकी बेताची, कारण चकचकीत रंग गरम बॅगेत वेष्टनाला चिकटतो.

इतके सगळे सोडल्यावर मूर्तीची मदार एका गोष्टीवर येते: डोळ्यांची आखणी. पेणच्या मूर्तीची कीर्ती या आखणीवर आहे. वरच्या पापणीची गडद रेघ, खालची फिकट, बुबुळाचा गोल, त्यातला पांढरा ठिपका. नऊ इंची मूर्तीत अख्खा डोळा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. कुंचला उचलला की रेघ एका दमात पुरी करायची, कारण दुसऱ्यांदा फिरवलेला हात लगेच दिसतो. म्हणून आखणी कारखान्यातल्या सर्वांत जाणत्या माणसाकडे असते. दागिन्यांनी मढलेल्या मूर्तीत नजर इकडेतिकडे भटकते. इथे तिला जायला दुसरी जागाच नाही, ती थेट डोळ्यांवर जाऊन ठरते. इतर सगळे कमी केल्याचा लाभ डोळ्यांच्या पदरात पडला.

बांधाबांध हा या रचनेचा शेवटचा थर. पूर्वी मूर्ती भाताच्या पेंढ्यात बसवत. पेंढा लवचिक, हलका, हवा खेळवणारा, आणि भातशेतीच्या या गावात फुकट मिळणारा. पण ऑस्ट्रेलियासारखा देश मालासोबत पेंढा येऊ देत नाही, कारण त्यातून कीड आणि बी शिरते. लाकडी खोके वापरायचे तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. म्हणून आता फोम, कागदाच्या कातरणी, पुठ्ठ्याचे खोके. समुद्रात कंटेनर दिवसा तापतो, रात्री थंड होतो, आतल्या छताला दव धरते आणि ठिबकते. त्यासाठी ओल शोषणाऱ्या पुड्या. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाल्यापासून युरोपची अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि त्याने प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. कंटेनरच्या मूर्ती चतुर्थीच्या चार-पाच महिने आधी निघाव्या लागतात.

हातातल्या मूर्तीला एवढा धीर धरावा लागत नाही, पण तिची बांधणी निराळी हवी. विमानतळावरच्या तपासणीत खोके उघडून दाखवावे लागू शकते. म्हणून सगळीकडे चिकटपट्टी मारलेले खोके कुचकामी. उत्तम बांधणी दोन भागांची. मूर्तीच्या आकाराची खोबण पाडलेले फोमचे दोन भाग, मध्ये सुती कापड, वरून एकच पट्टा. उघडून पुन्हा बांधायला मिनिटभर पुरते. मूर्तीचा भार पाटावर यावा, मुकुटाच्या वर दोन बोटे जागा सुटावी. बॅगेत मूर्ती मधोमध, चारी बाजूंना कपडे. म्हणजे प्रवाशाचे कपडेच वेष्टनाचे काम करतात आणि वेष्टनाचे वेगळे वजन उरत नाही.

उरले पूजेचे साहित्य, आणि इथे आपल्या परंपरेचे शहाणपण पाहून मन भरून येते. षोडशोपचार म्हणजे सोळा उपचार. पण त्यातला एखादा जवळ नसेल तर त्या जागी अक्षता वाहायच्या, अशी मुभा पूजाविधीतच आहे. वस्त्र नाही, अक्षता. अलंकार नाही, अक्षता. मूर्तीही नसेल तर सुपारीवर गणपतीचे आवाहन होते. ज्यांनी हे विधी लावले त्यांना प्रवासातला माणूस, अडचणीतला माणूस ठाऊक होता. त्यामुळे बॅगेत हळद-कुंकवाच्या दोन डब्या, जानवे, कापसाची वस्त्रे, चार सुपाऱ्या आणि छोटी घंटा एवढे पुरते. कापूर, काडेपेटी आणि सुके खोबरे पेट घेणाऱ्या वस्तू म्हणून विमानात चालत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला धान्य, बिया, पाने यांबद्दल नियम कडक आहेत, तेव्हा अक्षतांचे तांदूळ तिथल्याच दुकानातले घ्यावेत आणि सुपारीची आधी चौकशी करावी. दूर्वांची काळजी तर नकोच. आपली हरळी तीच जगभर बर्म्युडा ग्रास या नावाने हिरवळीवर लावतात. अमेरिकेच्या दक्षिणेत आणि ऑस्ट्रेलियात ती घराबाहेरच उगवलेली असते. औषध न फवारलेल्या जागेची खुडावी.

मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझ निघू लागल्या तशी बोटीच्या सहलीची तयारी हाही आपल्या घराघरांतला विषय झाला आहे. त्या प्रवाशालाही ही मूर्ती पुष्कळ काही सांगते. धक्क्यावर सोपवलेली मोठी बॅग खोलीत पोचायला काही तास लागू शकतात, हातातली बॅग आपल्याबरोबरच चढते. बोटीवरची खोली लहान असते. मेणबत्ती, उदबत्ती अशा उघड्या ज्योतीला आगीच्या भीतीने मनाई असते, तेव्हा ते सामान घरीच ठेवावे. नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: या वस्तूला दुसऱ्या वस्तूचा आधार आहे का? शाल अंगावर, उशाला आणि काचेच्या बाटलीभोवती, अशी तीन कामे करत असेल तर ती घ्यावी. एकाच कामाची आणि एकटी पडलेली वस्तू मागे ठेवावी. हमरापूरच्या मूर्तिकाराने पाश कानाला टेकवला तो याच विचाराने.

माझा अभिप्राय स्पष्ट आहे. हमरापूरच्या कारखान्यात पाहण्यासारखी मूर्ती तीच, जी सर्वांत लांब जाणार असूनही सर्वांत कमी सामान घेऊन निघते. परदेशी राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वर्षी मूर्ती न्यायची असेल तर गर्दीच्या आधी, पावसाळा सुरू होण्यापूर्वी या. शाडू पावसाळी हवेत नीट वाळत नाही आणि घाईत वाळवलेली मूर्ती प्रवासात दगा देते. शाडूच आहे ना, हे विचारून घ्या. खडे आणि फेट्याचे पैसे वाचवा, आणि वाचलेले पैसे डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला मोकळ्या मनाने द्या.