शक्ती, उणीव आणि अपवाद : सुपरहीरो-खेळांतील नियमविरोधाचा विचार

नियम जेथे एकाहून अधिक असतात, तेथे त्यांचा परस्परविरोध केव्हातरी उद्भवतोच. व्याकरण, मीमांसा व न्यायव्यवहार या तिन्ही क्षेत्रांत अशा विरोधाच्या परिहाराचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न एका निराळ्या क्षेत्रात तपासावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकेत जन्मलेले आणि टेबलाभोवती बसून खेळावयाचे सुपरहीरोंचे भूमिकाखेळ. विषय वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल; परंतु नियमांचा अर्थ लावणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याला येथे बरेच काही शिकण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे : प्रत्येक खेळाडू एक पात्र निर्माण करतो, त्याच्या शक्ती व उणिवा एका पत्रिकेवर लिहितो, आणि एक सूत्रधार, ज्याला खेळाडू ‘गेम मास्टर’ म्हणतात, कथा चालवितो. संशयाच्या प्रसंगी फासे टाकले जातात. सुपरहीरोच्या पात्राला उणीव असणे ही मूळ चित्रकथांचीच परंपरा आहे. सुपरमॅनला हतबल करणारे क्रिप्टोनाइट १९४३ साली नभोवाणीवरील मालिकेत आले व १९४९ साली चित्रकथेत अवतरले. १९५९ साली आलेल्या नव्या ग्रीन लँटर्नची अंगठी जवळजवळ काहीही करू शके. पिवळ्या रंगापुढे मात्र तिचे काही चालत नसे. कथालेखकाला शक्ती व उणीव यांचा मेळ आपल्या सोयीने घालता येतो. खेळात ती सोय नाही. कारण तेथे लेखक अनेक असतात, आणि त्यांच्यात समान असे काही असेल तर तो केवळ नियमग्रंथ.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते एका लहानशा प्रसंगाने. आमच्या काही विद्यार्थ्यांचा असा एक खेळ दर आठवड्यास चाले. त्यातील एका विद्यार्थिनीच्या पात्राचे अंग स्वयंप्रकाशी होते. तिची उणीव अशी की, अंधारात तिच्या सर्व शक्ती लोपत. अंधाऱ्या खोलीत तिचा स्वतःचा प्रकाश हा ‘प्रकाश’ धरावयाचा की नाही? पहिल्या प्रसंगी सूत्रधाराने धरला. दोन आठवड्यांनी, कथेला तिचा पराभव हवा होता तेव्हा, धरला नाही. दोन्ही निर्णयांचे स्वतंत्रपणे समर्थन करता येईल. एकाच टेबलावर दोन्हींचे करता येणार नाही. ती मुलगी पुढे खेळावयास आली नाही. आपल्या पत्रिकेत नेमके काय लिहिले आहे, एवढेच तिला जाणून घ्यावयाचे होते. आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते.

आता प्रमुख ग्रंथांकडे वळू. जेफ डी व जॅक हर्मन यांच्या ‘व्हिलन्स अँड व्हिजिलँटीज’ (१९७९) या खेळात शक्ती फाशांनी ठरतात. परस्परांशी न जुळणाऱ्या शक्ती एकाच पात्रात येणे हे तेथे स्वाभाविकच आहे, आणि त्यांची संगती लावण्याचे काम खेळाडूच्या कल्पकतेवर पडते. जॉर्ज मॅकडोनल्ड व स्टीव्ह पीटरसन यांच्या ‘चँपियन्स’ (१९८१) या खेळाने हा योगायोग दूर सारला. येथे प्रत्येक शक्तीला गुणांच्या रूपाने किंमत असते, आणि उणीव स्वीकारल्यास गुण मिळतात. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत नेहमीच्या नायकास मूळचे १०० गुण व उणिवांतून जास्तीत जास्त १५० गुण मिळत. म्हणजे नायकाच्या सामर्थ्याचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या उणिवांच्या तारणावर उभा असे. साहजिकच या ग्रंथाने एक तत्त्व सांगितले : जी उणीव पात्राला अडचणीत आणत नाही, तिचे गुण नाहीत. तत्त्व निर्दोष आहे. परंतु शक्तीशी विरोध आला असता उणिवेला ‘अडचणीत आणण्याची’ संधी मिळते की नाही, हे ठरविण्याची रीत त्या तत्त्वात नाही. ती रीत शोधणे हे समीक्षेचे काम होय.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हिरण्यकशिपूला मिळालेला वर दिवसा व रात्री, घरात व बाहेर, मनुष्याकडून व पशूकडून मरण न येण्याचा होता. नरसिंहाने सायंकाळी उंबरठ्यावर त्याचा वध केला. येथे दोन नियमांचा विरोध मुळीच नाही. वराच्या शब्दांनी जेवढी जागा व्यापली नव्हती, तेवढीच वापरली गेली. यास शक्तीची अव्याप्ती म्हणावे. उणीव याहून निराळी असते : ती शक्तीने व्यापलेल्या जागेतच शिरते आणि तेथे शक्तीला हटविते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर शक्ती हा उत्सर्ग आहे आणि उणीव हा अपवाद. ब्राह्मणांना दही वाढावे, कौंडिण्याला ताक, हा दृष्टांत वैयाकरणांना परिचित आहे. कौंडिण्यही ब्राह्मणच, तरीही त्याला दही मिळत नाही, कारण ताकाचा नियम अन्यत्र कोठेही लागू होऊ शकत नाही. ज्या नियमाला दुसरीकडे अवकाश नाही तो निरवकाश. आणि निरवकाश नियम प्रबळ ठरतो, नाहीतर तो सांगणेच व्यर्थ होते. उणिवेच्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे, असे आम्हांस वाटते.

हे तत्त्व साध्या अंकगणितातही कसे उपयोगी पडते ते पाहा. समजा, एका पात्राचे कवच १५ एककांचा आघात अडविते, आणि विजेचा आघात त्याला दुप्पट लागतो अशी त्याची उणीव आहे. १० एककांची वीज त्याच्यावर पडली. आधी दुप्पट करून मग कवच वजा केल्यास ५ एकके इजा होते. आधी कवच वजा केल्यास काहीच उरत नाही, आणि शून्याची दुप्पट शून्यच. आघात २० एककांचा धरला तर एका क्रमाने इजा २५, दुसऱ्या क्रमाने १० होते. दोन्ही नियम तेच, अंक तेच. केवळ क्रम बदलला. ध्वनिनियमांचा क्रम बदलल्याने शब्दरूप कसे बदलते, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. यांपैकी क्रम कोणता स्वीकारावा? कवच आधी लावल्यास १५ पर्यंतच्या सर्व आघातांत उणीव निरवकाश होते. उणीव आधी लावल्यास कवचाला मात्र सर्वत्र अवकाश राहतो. ते विजेच्या आघातातूनही आपले १५ वजा करतेच. म्हणून उणीव आधी, कवच नंतर. हा निर्णय सूत्रधाराच्या मर्जीचा राहत नाही. तो नियमांच्या रचनेतूनच निघतो.

आता त्या स्वयंप्रकाशी पात्राकडे परत येऊ. येथे विरोध अधिक सूक्ष्म आहे. कारण शक्तीचे कार्यच उणिवेच्या निमित्ताचा नाश करते. तिचा प्रकाश ‘प्रकाश’ धरला तर तिच्यापुरता अंधार कधी होणारच नाही, आणि उणीव पत्रिकेवरील शोभेची ओळ ठरेल. पाणिनीने अशा गुंत्यासाठी एक विलक्षण उपाय योजिला आहे. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतील कार्य आधीच्या नियमांच्या दृष्टीने असिद्ध, म्हणजे झालेले असूनही न झाल्यासारखे, मानावयाचे. तीच युक्ती येथे लागू पडते : उणिवेच्या दृष्टीने तिच्या शक्तीचे कार्य असिद्ध मानावे. खोलीतील इतरांना तिच्या प्रकाशात दिसेल, परंतु तिच्या उणिवेला तो प्रकाश दिसणार नाही. हा निर्णय तिला कठोर वाटला असता हे खरे. परंतु तो पहिल्याच दिवशी झाला असता तर तिला तो पारखून घेता आला असता. आणि आपल्याला अभिप्रेत असलेला अंधार केवळ मंत्रनिर्मित, आपला प्रकाशही गिळून टाकणारा अंधार आहे, असे लिहून उणिवेची व्याप्ती कमी करता आली असती. व्याप्ती कमी तर गुणही कमी, हे ‘चँपियन्स’चेच माप आहे, तेथे उणिवेचे मोल ती किती वारंवार आड येते यावरही ठरते.

तथापि निरवकाशतेची कसोटी सर्वत्र पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. एखाद्या पात्राला अग्नीपासून भय नाही, आणि मंत्रविद्येचा प्रत्येक आघात मात्र त्याला दुप्पट लागतो. त्याच्यावर मंत्राग्नी टाकला तर? साधा अग्नी हे शक्तीचे स्वतंत्र क्षेत्र आहे. मंत्राने उत्पन्न केलेली थंडी हे उणिवेचे. दोघांनाही अन्यत्र अवकाश आहे; मंत्राग्नीत ते एकत्र आले आहेत. हा खरा विप्रतिषेध, म्हणजे तुल्यबलविरोध. पाणिनी अशा ठिकाणी सूत्रक्रमातील नंतरच्या नियमाला प्राधान्य देतो. पात्रपत्रिकेला मात्र असा अर्थपूर्ण क्रम नाही. कोणती ओळ खाली लिहिली यावर कोणाचे भवितव्य ठरू नये. मूळ काशीत लिहिणाऱ्या महाराष्ट्रीय वैयाकरणाचा, नागेशभट्टाचा, ‘परिभाषेन्दुशेखर’ येथे साहाय्यास येतो. त्यातील विचारानुसार ज्या कार्याचे निमित्त अधिक आतले, ते अंतरंग कार्य परकार्याहून बलवान असते. म्हणून येथे प्रश्न विचारावा तो असा : या पात्राला अग्नी का जाळत नाही? त्याचा देहच ज्वालामय असेल तर अभयाचे निमित्त देहाच्या आत आहे. अग्नी कोठूनही आला तरी तो अग्नीच, आणि शक्ती टिकावी. त्याने केवळ अग्निरोधक चिलखत चढविले असेल तर निमित्त बाहेरचे आहे, आणि मंत्राने त्याला भेदावे. व्याकरणातील अंतरंगता येथे जशीच्या तशी उतरत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु विचाराची दिशा तीच आहे.

नेमक्या याच ठिकाणी ‘चँपियन्स’वर आमचा आक्षेप आहे. या खेळाचे मोठेपण असे की, त्याने शक्तीचा परिणाम व तिचे बाह्य रूप यांची फारकत केली. आघात तोच, तो वीज म्हणून वर्णावा, बर्फ म्हणून वर्णावा की किरण म्हणून, हे खेळाडूने ठरवावे. या फारकतीमुळे थोड्या नियमांत अगणित पात्रे मावली. परंतु विरोधाच्या प्रसंगी ज्याची गरज पडते ते नेमके रूपच होय. ‘अग्नी का जाळत नाही’ याचे उत्तर किमतीच्या रकान्यात मिळत नाही. ते वर्णनात असते, आणि वर्णनाला किंमत नसल्यामुळे खेळाडू ते पुष्कळदा एका शब्दात उरकतात. अर्थ नियमाबाहेर ठेवला की तो अडचणीच्या वेळी पाहुण्यासारखा येतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या घरी उतरतो.

स्टीव्ह केन्सन यांच्या ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ (२००२) या खेळाने निराळी वाट शोधली. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘कॉम्प्लिकेशन’ या सदराखालील अडचणींसाठी आगाऊ गुण मिळत नाहीत. ती अडचण खेळात प्रत्यक्ष आड आली म्हणजे खेळाडूला ‘हीरो पॉइंट’ मिळतो. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच पद्धत अधिक प्रधान झाली. तिचा गुण उघड आहे : निरुपयोगी उणीव घेऊन कोणी श्रीमंत होत नाही, आणि हरणाऱ्याच्या हातात काहीतरी पडते. परंतु भरपाई म्हणजे निर्णय नव्हे. उणीव बाधली तर किती द्यावयाचे हे ही पद्धत सांगते. ती केव्हा बाधते हे सांगत नाही. आमच्या विद्यार्थिनीला एक हीरो पॉइंट मिळाला असता. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालेच असते असे नाही.

तात्पर्य, पात्र मान्य करण्यापूर्वीच सूत्रधार व खेळाडू यांनी प्रत्येक उणिवेपुढे तीन प्रश्न ठेवावेत. ही खरोखर उणीव आहे की शक्तीची अव्याप्ती? शक्तीपुढे तिला अवकाश उरतो काय, आणि न उरल्यास तिला आधी स्थान दिले आहे काय? दोघींना स्वतंत्र अवकाश असल्यास निमित्त कोणाचे अधिक आतले? उत्तरे पत्रिकेवर दोन ओळींत मावतील. त्यानंतरही अकल्पित प्रसंग येतील, आणि सूत्रधाराला तेथल्या तेथे निर्णय द्यावा लागेल. तो त्याने द्यावा. मात्र तो त्याच पत्रिकेवर लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो सूत्रधारालाही बांधील.

खेळात हरण्याचे दुःख कोणी फार काळ धरीत नाही. आपण कोणत्या नियमाने हरलो हे न कळण्याचे दुःख मात्र टिकते. टेबलाभोवती जमलेल्या चार-पाच माणसांत कोणताही न्यायाधीश नसतो, दंड नसतो. असतो तो केवळ शब्दावरचा विश्वास. तो राखण्यासाठी वैयाकरणांनी शतकानुशतके घासून ठेवलेली साधने उपयोगी पडत असतील, तर ती उसनी घेण्यात खेळाचा कमीपणा नाही, आणि व्याकरणाचा तर नाहीच नाही.